सर, पॉईंट राहिला! (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, की शिकायचं काय राहून गेलंय ते कळवा. आता दोन पत्रं पोस्टाने आणि बाकी ढीगभर व्हॉट्सअॅपवर येऊन पडलीत. एकाने अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय, मागे पिठाची गिरण चालू आहे, तीनदा ऐकला तरी प्रश्न काय ते कळलं नाही. (दादा, गिरण बंद झाल्यावर परत पाठवा.) नावं छापत नाही. पाच जणांना उत्तरं देतो, पहिलं लांबलंय, कारण त्यात माझीच जुनी जखम आहे.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे, वय ५२. २८ वर्षं साध्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर) काढली. दिवाळीनंतर मालकांनी दोन सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथ) आणल्या आणि म्हणाले, शिकून घ्या नाहीतर स्टोअरला बसा. शिकवायला २३ वर्षांचा पोरगा ठेवलाय, माझ्या मुलापेक्षा लहान. तो भराभर बटणं दाबतो, मी हो हो म्हणतो आणि घरी आल्यावर काही आठवत नाही. या वयात डोकं चालतं का? बायको म्हणते पॉझिटिव्ह राहा. म्हणजे कसं राहू?

भाऊ, तुमच्या पत्रातले दोनच शब्द मी पेनाने गोल केले, 'हो हो'. तुमचं डोकं ठीक आहे, घोळ त्या दोन शब्दांत आहे. कसं ते सांगतो.

मी आयटीआयला टर्नर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. आमच्याकडे सीएनसी आली तेव्हा मी ४९ चा. आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं, वही भरून नोट्स काढल्या, समजलं निम्मं, पण विचारलं काहीच नाही, कारण सगळे मला मास्तर म्हणायचे आणि मास्तरने कसं विचारायचं. परत आल्यावर पहिला प्रोग्रॅम वीस पोरांसमोर टाकला. चकात (मशीनच्या जबड्यात) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतोय, टूल ५० मिलीमीटर डायमीटरला आणून उभं करायचं होतं, मी टाईप केलं जी ०० एक्स ५०, आणि स्टार्ट दाबलं. आता काही कंट्रोलवर भानगड अशी असते की आकड्यापुढे पॉईंट (दशांशचिन्ह) दिला नाही तर मशीन तो आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागात, धरतं. म्हणजे माझे ५० मिलीमीटर झाले ५० मायक्रॉन, एका केसाएवढेसुद्धा नाहीत, आणि जी ०० म्हणजे फुल स्पीड. टूल निघालं ते थेट जॉबच्या सेंटरकडे. जो आवाज झाला तो मला अजून झोपेत ऐकू येतो. इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या टोकाचा) चुरा, ते धरणारा होल्डर वाकडा.

सगळं शांत. आणि मागून कागलकडचं एक पोरगं हळूच म्हणालं, "सर, पॉईंट राहिला."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मला माहितीय. तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो."

होल्डरचे पैसे गेले त्याचं काही नाही, ते मी खिशातून भरले. पण या एका खोट्यापायी माझं अख्खं वर्ष गेलं. त्यानंतर मशीनजवळ जायची वेळ आली की मी त्याच पोराला म्हणायचो, जा तू टाक प्रोग्रॅम, मी बघतो. बघत काय होतो डोंबल! शेवटी एक दिवस चहाच्या गाड्यावर त्याला गाठलं आणि सांगून टाकलं की लेका, मला येत नाही, शिकव. ते पोरगं हसलं नाही की काही नाही, म्हणालं, "सर, रविवारी येतो." चार रविवार आला, मिसळ माझ्याकडून. चौथ्या रविवारी मी टेपर आणि रेडियस दोन्ही न विचारता टाकले.

पुढे बऱ्याच वर्षांनी कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचनात आलं तेव्हा मला माझाच फोटो बघितल्यासारखं झालं. त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग छापले. मुलांना कोडी दिली, ती सुटल्यावर काहींना म्हणाले तू हुशार आहेस, काहींना म्हणाले तू मेहनत चांगली केलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळीच आपटली. नंतर दुसऱ्या मुलांना आपले मार्क कळवायला सांगितलं, तर 'हुशार' म्हटलेल्यांत खोटे मार्क सांगणारे बरेच जास्त निघाले. माझं तेच झालेलं, 'मास्तर' हे माझं 'हुशार' होतं, आणि तुम्ही २८ वर्षं त्या शॉपमधले उस्ताद आहात, तुमचंही तेच चाललंय. (ड्वेकबाईंच्या या ग्रोथ माइंडसेटचा, म्हणजे हुशारी मेहनतीने वाढवता येते या विचाराचा, आता इतका बाजार झालाय की विचारू नका, म्हणून हेही सांगतो की २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर त्याची मोठी चाचणी झाली तर फायदा निघाला, पण थोडाच, आणि तोही मुख्यतः मार्कात मागे असलेल्या मुलांना. जादू नाही ती.)

डोक्याचं म्हणाल तर नवीन गोष्ट बसायला विशीपेक्षा वेळ जास्त लागतो, ते खरंच आहे. पण लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स काढायला शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात, तिथल्या शिकाऊ ड्रायव्हरांचे मेंदू शिकण्याआधी आणि नंतर स्कॅन करून बघितले, २०११ मधली गोष्ट, तर जे पास झाले त्यांच्या मेंदूतला रस्ते लक्षात ठेवणारा भाग वाढलेला दिसला. शाळकरी पोरं नव्हती ती, चांगली मोठी माणसं होती.

तर उद्या कामावर गेल्यावर त्या पोराला बाजूला घ्या आणि म्हणा, मला येत नाही, हळू सांग, आणि बटणं मी दाबणार, तू हात मागे बांधून उभा राहा. बघून हात शिकत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगायचं. रोज रात्री जेवण झालं की वही उघडायच्या आधी, कोऱ्या कागदावर त्या दिवसाचा प्रोग्रॅम आठवेल तसा लिहायचा, साधी पिन किंवा बुश (पोकळ नळीसारखा जॉब) घ्या, मग वहीशी ताडून बघायचं. चुकेल, चुकू दे. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा असं आठवून काढलेलं जास्त दिवस टिकतं, यावर रोडिगर आणि कार्पिक यांचं २००६ सालचं चांगलं काम आहे. आणि मशीनवर नवीन प्रोग्रॅम कधी सरळ पळवायचा नाही, आधी ड्राय रन (जॉब न कापता), मग सिंगल ब्लॉक (एकेक ओळ), रॅपिड आणि फीड (टूलचा पळायचा आणि कापायचा वेग) दोन्ही खाली आणलेले, बोट फीड होल्डवर (टूल थांबवायच्या बटणावर). आणि पॉईंट बघा भाऊ, प्रत्येक आकड्यापुढचा पॉईंट.

दुसरं, त्या पोराला काय येत नाही त्याचीही यादी करा. कास्टिंगची वरची साल कडक असते, पहिला कट त्याच्या खालून घ्यायचा, नाहीतर टूल सालीवर घासून बसतं, हे त्याला माहितीय का? पातळ बुश चकात जास्त आवळला तर मशीनवर गोल दिसतो आणि जॉ सोडले की अंड्यासारखा होतो, हे? टूल बोथट व्हायला लागलंय हे स्क्रीनवर दिसायच्या आधी तुमच्या कानाला कळतं. तुम्ही ते द्या, तो हे देईल, मग कोण कुणाचा गुरू हा प्रश्नच राहत नाही. तालमीत नवीन पोराची रोज दहा वेळा पाठ लागते आणि त्या मातीत कोण लाजत नाही, लाज असते ती मैदानातल्या कुस्तीत. तुमचं शॉप सध्या तालीम आहे, मैदान नाही.

आणि हे आपल्या गावाला नवीन आहे का? बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री घराण्यातले, चित्रकलेच्या कुठल्या शाळेत गेलेले नव्हते, सिनेमा काढायचा तर बाहेरचा कॅमेरा कुठून आणायचा म्हणून १९१८ च्या सुमाराला सहकाऱ्यांना घेऊन इथेच कोल्हापुरात कॅमेरा बनवला. पहिल्या झटक्यात बनला असेल असं मला वाटत नाही बाबा, किती पत्रा वाया गेला असेल देव जाणे.

वहिनींना सांगा, पॉझिटिव्हचं नंतर बघू, आधी 'हो हो' बंद करतो म्हणावं.

प्रश्न : वय २४, ग्रॅज्युएट, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. रोज पहाटे पाचला उठून मोटिव्हेशनल व्हिडिओ बघतो, भिंतीवर व्हिजन बोर्ड लावलाय, २१ दिवसांची तीन चॅलेंज केली. दोन आठवडे भारी वाटतं, मग सगळं बारगळतं. माइंडसेट कसा बदलू?

बाळा, पाचला उठून व्हिडिओ बघायचे असतील तर सातपर्यंत झोप, तेवढीच तब्येत तरी राहील.

ते २१ दिवसांचं कुठून आलं माहितीय? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याला दिसलं की ऑपरेशननंतर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, ते त्याने १९६० साली लिहिलं, आणि पुढे लोकांनी 'कमीत कमी' उडवलं आणि चेहराही उडवला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या सवयी खरंच मोजल्या, तर सरासरी ६६ दिवस निघाले, एखाद्याला १८ आणि हिशोबाने एखाद्याला २५४. त्यातच असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय बिघडत नाही. तू मात्र एक दिवस चुकला की चॅलेंज मोडलं म्हणून पुढचे दहा दिवस सुट्टी घेतोस, बरोबर ना?

व्हिजन बोर्डाबद्दल जरा कडू बोलतो. गॅब्रिएल ओटिंगेन या बाईंनी जर्मनीत डिग्री संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापून आला, त्यात चांगल्या नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकऱ्यांच्या ऑफर कमी आणि पगारही कमी मिळालेले दिसले. साहेबाच्या खुर्चीत बसल्याचं चित्र रोज बघितलं की मनाला वाटतं बसलोच की, मग कशाला घासायचं. त्या बाईंचा उपाय असा की काय हवंय ते बघा आणि लगेच त्याच्या आड काय येतंय ते पण बघा, आणि ते आड आलं की नेमकं काय करणार ते आधीच ठरवून ठेवा. तुझ्या आड काय येतंय ते तू पत्रातच सांगितलंयस, ते तुझ्या हातात आहे आणि त्याला चार्जर लागतो. अभ्यासिकेत गेलास की तिथल्या काकांकडे ठेवायला दे. आणि रोज सकाळी पहिली गोष्ट, मागच्या वर्षांच्या पेपरातले दहा प्रश्न घड्याळ लावून सोडव, एवढंच. बाकी मूड असो नसो.

प्रश्न : मी नववी शिकलो, मग घरच्या अडचणीनं शाळा सुटली. आता वय ३८, करवीर तालुक्यात राहतो, दोन म्हशी आहेत. पोरगी आठवीत आहे. दहावी करायची लई इच्छा आहे पण सासूबाई म्हणतात आता काय कलेक्टर होणारैस का. गणिताची भीती वाटते. फॉर्म कुठं भरायचा?

(पत्र ताईंचंच आहे. आमच्याकडे बायका 'आलो, गेलो'च म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.)

ताई, आधी फॉर्मचं. राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी. पाचवी पास आणि वय १४ पूर्ण एवढं बघतात, वरच्या वयाला अट नाही, म्हणजे तुम्ही आरामात बसता. ऑनलाईन भरायचा असतो, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो लागतात. मूळ दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून डुप्लिकेट काढा, सोबत प्रतिज्ञापत्र करावं लागतं, या कामाला वेळ लागतो म्हणून ते आत्ताच सुरू करा. फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतात, तारखा दरवर्षी हलतात, तेव्हा जून लागला की जवळच्या हायस्कूलच्या ऑफिसात चक्कर मारा आणि क्लार्कला सरळ विचारा. फॉर्म भरला की एक शाळा तुमचं संपर्क केंद्र म्हणून मिळते. पास व्हायला विषयाला ३५ मार्क. एखादा विषय राहिला तर परत देता येतो, आभाळ कोसळत नाही.

गणिताची भीती म्हणता, पण एक विचारतो. डेअरीतून दुधाची स्लिप येते ती तुम्ही बघता की नाही? म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून दर ठरतो, फॅट पॉईंटने वाढली की दर वाढतो, घसरली की कापतात, आणि दहा दिवसांचं बिल आलं की तुम्ही बोटावर मोजून सांगत असणार की यात चुकलंय. हे शेकडेवारी आणि गुणोत्तर दोन्ही झालं की! तुमचं अडेल ते बीजगणितातल्या एक्सला, तो एक्स म्हणजे स्लिपवरचा पुसट झालेला आकडा समजायचा, बाकीचे आकडे माहिती आहेत, त्यावरून तो काढायचा. भूमितीला मात्र पोरीची मदत घ्या, तिचं आठवीचं आधी करा, तिच्याच टेबलावर बसून. तिने तुम्हाला शिकवलं की तिचंही पक्कं होतं.

सासूबाईंशी भांडू नका. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, त्या काळचा रुपया बरं का. तेव्हाही घरोघरी हेच बोलणं असणार, शिकून काय कलेक्टर होणारैस का. तुम्ही त्यांना रोज संध्याकाळी डेअरीची स्लिप मोठ्याने वाचून दाखवा, हिशोब त्यांच्यासमोर करा. चुकीचं बिल एकदा पकडलंत की त्याच बाहेर सांगत फिरतील, आमची सून दहावीला बसलीय म्हणून.

प्रश्न : वय ७१. नातू फोनवरनं पैसे पाठवायला शिकवतो पण दोनदा विचारलं की चिडतो. काय करू?

दादा, नातवाच्या हातात फोन द्यायचाच नाही. फोन तुमच्या हातात, त्याने फक्त तोंडाने सांगायचं, आणि तुम्ही एकेक पायरी लांब वहीत लिहून घ्यायची, अगदी 'निळं बटण दाब' अशी. मग त्यालाच दहा रुपये पाठवा, रोज एकदा, आठ दिवस. ऐंशी रुपये मिळतात म्हटल्यावर चिडायचा नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, पैसे यायला पिन लागत नाही. कुणी म्हणालं पैसे पाठवतोय, पिन टाका, तर ते पैसे तुमचेच जाणार आहेत, फोन कट करा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. घरात सासऱ्यांच्या ट्रंकेत जुने मोडी कागद आहेत. शिकावंसं वाटतं, पण वर्गात सगळी कॉलेजची मुलं असतात म्हणे, आणि हल्ली माझं लक्षात राहत नाही.

बाई, या! मी रिटायर झाल्यावर मोडीच शिकलो, पहिल्या बाकावर बसून, माझ्या शेजारी इतिहासाच्या एमएची मुलगी, ती मला पहिले चार दिवस 'आजोबा' आणि नंतर नुसतं 'ओ' म्हणायची.

लक्षात राहण्याचं टेन्शन घेऊ नका, अक्षरं पंधरा दिवसांत येतात. खरा त्रास पुढे आहे. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, म्हणजे दिन आणि दीन सारखेच. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मला पहिला खरा कागद मिळाला तो जमिनीचा होता, मी अर्धा तास खपून त्यात एक गाय शोधून काढली आणि सरांना उत्साहाने सांगितलं की यात गाय दान दिलेली दिसतेय. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "अहो, ते 'बागाईत' आहे." सगळा वर्ग हसला, मी पण हसलो, आणि या वेळी 'मला माहितीय' म्हणालो नाही.

सरावाला घरचेच कागद घ्या, पण मूळ कागद हाताळू नका, घड्या उलगडताना तुटतात, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा. सहा महिन्यांनी हात बसला की कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात एक चक्कर टाका, संस्थानच्या काळातले मोडी कागद तिथे आहेत. आणि सुरुवातीला पट्टीने रेघ ओढू नका, हाताने ओढा. माझी अजून उजवीकडे खाली घसरते.